पावसाळ्यातला गोट्यांचा डबा

राधानगरी तालुक्यात जून लागला की गोट्यांचा खेळ आपोआप बंद पडतो. अंगणात चिखल झाल्यावर गल खणायची कुठे? मुलांच्या खिशातल्या गोट्या मग बिस्किटांच्या नाहीतर पावडरीच्या डब्यात जातात, आणि चार महिने तिकडे कोणी पाहत नाही. घर आवरताना कधी आईच तो डबा भंगारात घालते. ‘गोट्या खेळत बसलाय’ ही आपल्याकडे शिवीच आहे ना! आज त्या डब्याची बाजू मांडायची आहे.

मजुरीवर चालणाऱ्या घरात खेळणे विकत आणणे महिन्याच्या हिशोबात बसत नाही. अशा घरातल्या मुलाचा हा पहिला स्वतःचा संग्रह असतो. नाणी जमवायला पैसा लागतो, गोटी नेम धरून मिळते. आणि डबा जरा निरखून पाहिला तर त्यात बरेच काही सापडते. चुलीत भाजलेली मातीची गोटी असते, गॅरेजात काम करणाऱ्या वडिलांनी आणलेला बेअरिंगचा छर्रा असतो, पोटात रंगीत पाकळी असलेली काचेची असते. आणि एखादी साधी, हिरवट, रंगाची रेघसुद्धा नसलेली. मुले तिला कमी लेखतात. माझ्या मते डब्यातली सर्वांत मोलाची तीच, कारण ती बहुधा सोड्याच्या बाटलीतली असते.

इंग्लंडमधल्या हिरम कॉड यांनी १८७२ साली या बाटलीचे पेटंट घेतले. आतला वायू गोटीला वर रेटतो, गोटी रबराच्या कड्यावर घट्ट बसते आणि बाटली आपणच बंद राहते. बुचाची गरज नाही. काचेच्या वाळूत लोखंडाचा अंश असतो, म्हणून ती गोटी हिरवट दिसते.

कोल्हापूरच्या माणसाला सोडा म्हटले की गंगाराम कांबळे आठवायला हवेत. राजवाड्याच्या पागेत ते नोकर होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारहाण केली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे थांबून, सर्वांदेखत चहा घेतला. नुसत्या चहावर थांबू नकोस म्हणून सोडावॉटरचे यंत्रही दिले. राधानगरीचे धरण बांधायला घेणारा तोच राजा. आपल्या मुलाला धरण दाखवताना ही दुसरी गोष्टही सांगावी, हातात ती हिरवी गोटी देऊन.

आता डब्याची निगा. आपल्या भागातला पाऊस काचेलाही सोडत नाही. स्वस्त काचेत सोड्याचे प्रमाण जास्त असते. ओल धरली की तो पृष्ठावर येतो आणि गोटीवर पांढुरकी साय धरते. म्हणून डबा ठेवण्याआधी गोट्या कोमट पाण्यात साबण घालून धुवाव्यात, जुन्या सुती कापडाने टिपाव्यात आणि सावलीत पूर्ण वाळू द्याव्यात. राखेने घासू नयेत, चरे पडतात. गार गोटीवर उकळते पाणी ओतले तर ती आतून तडकते. कच्च्या मातीची गोटी पाण्यात घालूच नये, तिचा चिखल होईल. छर्ऱ्यांना तेलाचा हात लावून वेगळ्या पुरचुंडीत बांधावे, कारण पोलाद काचेवर आपटले की तिचे टवके उडतात. प्रत्येक चांगली गोटी चिंधीत गुंडाळली तर उत्तम. डबा मात्र उंच फळीवर हवा. रांगत्या बाळाच्या घशात गोटी अडकली तर श्वास बंद होतो, आणि खेड्यातून दवाखाना गाठायला वेळ लागतो.

खिडकीच्या कट्ट्यावरही गोट्या मांडून ठेवू नयेत. काचेचा गोल ऊन एका बिंदूत गोळा करतो. बिंदू गोटीच्या अगदी पाठीशी पडतो, आणि तिथे कागद किंवा कापूस असला तर तो पेटू शकतो. हीच गोटी डोळ्यासमोर धरून दूरचे झाड पाहिले की ते उलटे दिसते. भिंगाचा धडा शिकवायला शाळेत भिंग नसले तरी चालेल.

एक नोंदवही मात्र हवीच. दहा पानांची पुरे. गोटीचा रंग, कशाची केलेली, कुठे मिळाली, कोणाकडून जिंकली, कोणत्या साली. हे लिहिले नाही तर चार वर्षांनी डब्यात नुसत्या गोट्या उरतात. अक्षर मुलाचेच असू द्यावे, चुका दुरुस्त करायला मोठ्यांनी वही ओढून घेऊ नये. आणि सोड्याची भरलेली बाटली गोटीसाठी फोडू देऊ नये. काच उडून डोळा जायचा. मान तुटलेली रिकामी बाटली भंगारवाल्याकडे मिळते, तिच्यातली गोटी मोठ्या माणसाने काढून द्यावी.

ऑक्टोबरात ऊन पडले की डबा उघडावा. साय धरलेली दिसली तर पुन्हा साबणाचे पाणी, पुन्हा सुती कापड. मग वहीशी मेळ घालून मोजाव्यात. एखादी कमी भरली तर आधी धाकट्या भावाचा खिसा तपासावा.