विश्लेषण : अपडेटनंतर सॉफ्टवेअर का बिघडते? दोष शोधायचा कसा?

कालपर्यंत नीट चालणारे सॉफ्टवेअर अपडेटनंतर अचानक गडबड करू लागते. त्याच्या कोडमधली एक ओळही बदललेली नसते. मग बिघाड येतो कुठून? अनेकदा टूलचेनमधून.

टूलचेन म्हणजे काय?
कोडचे मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर, तुकडे जोडणारा लिंकर आणि नेहमीची कामे करून देणाऱ्या लायब्ररी, या साऱ्यांना मिळून टूलचेन म्हणतात. हा पाया हलला की वरचे सॉफ्टवेअरही हलते.

फेडोरामध्ये काय घडले?
नोव्हेंबर २०१० मध्ये फेडोरा १४ ही लिनक्स प्रणाली आली आणि फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरू लागला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः शोधाला लागले. संशय होता ग्लिबसी लायब्ररीतील ‘मेमकॉपी’ या माहिती कॉपी करणाऱ्या फंक्शनवर. त्यांनी तेवढे एकच फंक्शन जुन्या साध्या पद्धतीचे करून पाहिले. आवाज सुधारला!

चूक कोणाची?
रांगेतली माणसे एक-एक खुर्ची डावीकडे सरकवायची, तर सुरुवात डावीकडूनच हवी. उजवीकडून केली तर माणसे एकमेकांच्या अंगावर बसतील. वेग वाढावा म्हणून नवे फंक्शन काही प्रोसेसरवर उलट्या टोकाकडून कॉपी करू लागले होते. नियमाप्रमाणे चूक फ्लॅशची. अशा कामासाठी वेगळे फंक्शन आहे. पण वापरणाऱ्याचे काम अडले ते लायब्ररी बदलल्यामुळे. अखेर २०११ मधील ग्लिबसी २.१४ मध्ये जुन्या प्रोग्रामसाठी जुनी वागणूक जपण्यात आली.

हजार बदल झाले असतील तर?
इथे संशयित एकच होता. अनेक असतील तेव्हा ‘गिट बायसेक्ट’ कामी येते. रहिमतपूरच्या शेतकऱ्याला ही युक्ती नवी नाही. लांबच्या पाइपलाइनची गळती शोधताना तो आधी मधले चेंबर उघडतो. पाणी तिथवर पुरेसे आले, तर गळती पुढच्या निम्म्यात. असे निम्मे-निम्मे करत हजार बदलांतला दोषी सुमारे दहा चाचण्यांत सापडतो.

धडा काय?
कराड, सांगली, पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या इथल्या मुलांना कोड लिहिण्याइतकाच बिघाडाचा माग काढण्याचा सरावही मिळायला हवा. अपडेट टाळणे हा उपाय नाही. त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्याही असतात. मात्र एका वेळी एकच बदल, प्रत्येकाची नोंद आणि मागे फिरण्याची सोय हवीच. ‘नियम आमच्या बाजूने आहे’ एवढे सांगून वापरणाऱ्याचे अडलेले काम सुरू होत नाही.