अभ्यासक आणि सरकारी खुर्ची

प्राध्यापक सरकारी सेवेत गेला की त्याची लेखणी गहाण पडली, असे आपण सर्रास मानतो. ऑस्ट्रेलियाचे ग्रेग फीली यांची कारकीर्द या समजाला छेद देते. ‘नहदलातुल उलमा’ या इंडोनेशियातील परंपरानिष्ठ मुस्लिम संघटनेच्या राजकारणावर त्यांनी १९९८ मध्ये प्रबंध पूर्ण केला. त्याच सुमारास ते आपल्या सरकारच्या गुप्तवार्ता-विश्लेषण संस्थेत इंडोनेशियाचे विश्लेषक होते. २००२ मध्ये बालीतील स्फोटांत २०२ माणसे मेली आणि जगाला एकाएकी दहशतवादाचे तज्ज्ञ हवेसे झाले. फीलींपाशी आधीची शिदोरी होती. बहुसंख्य श्रद्धावंतांचे राजकारण ज्याला ठाऊक, त्यालाच मूठभर अतिरेक्यांचे वेगळेपण दिसते.

उलट, बेनेडिक्ट अँडरसन यांना सुहार्तो राजवटीने १९७२ पासून देशात येऊ दिले नाही. ती बंदी १९९८ मध्ये उठली. राष्ट्रवादावरचा त्यांचा १९८३ चा ग्रंथ साहित्याच्या वर्गात शिकवला जातो, पण त्यामागचा इंडोनेशिया क्वचितच.

म्हणून सत्तेशी जवळीक की वैर, ही अभ्यासकाची कसोटी नव्हे. परक्या समाजाची भाषा आणि रोजचे जगणे त्याने किती वाचले, ही खरी कसोटी. शिरूर तालुक्यातल्या निमोण्याहून विद्यापीठात आलेल्या मुलीने उद्या हा विषय निवडला, तर तिच्या हाती आधी इंडोनेशियन भाषेचे व्याकरण द्यावे. अतिरेक्यांची यादी नंतर.