घामोळे : लेप कमी, वारा जास्त

उन्हाळ्यात नुसत्या घामोळ्यासाठी सरकारी रुग्णालयात फारसे कोणी येत नाही. घामोळ्यावर काहीतरी लावल्यावर आग झाली, पाणी सुटले किंवा पू झाला, की मग येतात. घरगुती म्हणजे निर्धोक, हा आपला समज एकदा तपासून पाहायला हवा.

घाम बाहेर आणणाऱ्या सूक्ष्म नळ्यांची तोंडे बंद झाली की घाम त्वचेतच अडकतो. मग बारीक पुरळ उठते, खाज सुटते, टोचल्यासारखे होते. कोकणात आणि मुंबईत हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, म्हणून तिथे हा त्रास अधिक. तान्ह्या बाळांच्या या नळ्यांची वाढ पुरती झालेली नसते, म्हणून त्यांना घामोळे चटकन येते.

त्यामुळे कोणत्याही उपायाला दोनच प्रश्न विचारावेत. तो नळ्या मोकळ्या ठेवतो की आणखी बुजवतो? आणि त्वचेतून किंवा श्वासातून तो शरीरात जातो का?

खोबरेल तेल, व्हॅसलीन आणि दाट क्रीम घामोळ्यावर थर धरतात. मुलतानी मातीचा लेप सुरुवातीला गार वाटतो, पण तो वाळल्यावर खरवडून काढताना पुरळ फुटते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडा अल्कधर्मी असतो, तर त्वचा किंचित आम्लधर्मी. सोडा चोळल्याने त्वचेचे संरक्षक आवरण दुखावते. बर्फ थेट लावला तर त्याचाही चटका बसतो. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने मोठ्यांनी अंघोळ केली तर सहसा बिघडत नाही. मात्र कडुनिंबाचे तेल बाळाच्या पोटात जाणे घातक ठरू शकते.

बाळांच्या बाबतीत तर तडजोड नकोच. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, म्हणून लावलेले औषध अंगात अधिक भिनते. कॅरमवर टाकतो ती बोरिक पावडर बाळांना लावल्याने विषबाधा होऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. खोबरेल तेलात कापूर घालून चोळणेही टाळावे. कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात. डब्यातून भुरभुरवलेली टाल्कम पावडर श्वासात गेली तर फुप्फुसांना इजा होते. औषधाच्या दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम तर घरगुतीही नाही आणि सुरक्षितही नाही. त्याने त्वचा पातळ होते, आणि तो चट्टा गजकर्णाचा असेल तर तो आणखी पसरतो.

मग करायचे काय? अंग थंड आणि कोरडे ठेवायचे. साध्या गार पाण्याने दिवसातून दोनदा अंघोळ, मऊ कपड्याने टिपून घेणे, सैल सुती कपडे आणि पंख्याचा वारा. कूलर लावताना खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीतला दमटपणाच वाढतो. खाज फार असेल तर ओल्या सुती कापडाची घडी ठेवावी. मोठ्यांनी कॅलामाइन लोशन लावायला हरकत नाही. बाळाला उन्हाळ्यात टोपडे, मोजे आणि दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची गरज नसते. एवढे पाळले तर बहुतेक घामोळे काही दिवसांत बसते.

पुरळात पू झाला, भोवतीची त्वचा लाल आणि गरम झाली, ताप आला, बाळ दूध पिईना किंवा तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. उन्हात राबणाऱ्यांनी अंगभर पसरलेल्या घामोळ्याकडे दुर्लक्ष करू नये. तेवढ्या भागातून घाम नीट बाहेर पडत नाही, आणि उष्माघाताचा धोका वाढतो.

आजीच्या बटव्याचा मान राखूनही सांगावेसे वाटते, की घामोळ्याला औषधापेक्षा मोकळी हवा अधिक लागते. पुढच्या वेळी बाळाच्या पाठीवर पुरळ दिसले, तर हात डब्याकडे जाण्याआधी त्याच्या अंगावरचा एक कपडा कमी करून पाहा.