तीस वर्षांचा अनुभव, पण कोणत्या कायद्याचा?

अकोल्याचे एक जाणते दलाल सध्या चारचौघांत एक सिद्धान्त मांडत फिरतात आणि अमरावतीतही त्यावर माना डोलतात. दलाली ही शिकवून येणारी गोष्टच नाही, असा तो सिद्धान्त. ‘तीस वर्स झाले सौदे करून रायलो, आता आमाले कोन शिकवन?’ घर-जमिनीच्या धंद्यावर लक्ष ठेवणाऱ्या महारेराने 10 जानेवारी 2023 च्या आदेशाने मालमत्तेच्या एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली, याचा त्यांना मनस्वी राग आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: परीक्षा म्हणजे फी उकळण्याची सोय; फसवतो बिल्डर आणि वर्गात बसतो दलाल; गिऱ्हाईक प्रमाणपत्र पाहत नाही, माणूस पाहतं. आणि धंदा सोडून बसायला वेळ कोणाला आहे?

किरकोळ मुद्दे आधी निकाली काढू. फी? एका बऱ्या प्लॉटच्या दलालीत ती निघून वर चहापाणी होतं. बिल्डर फसवतो, कबूल. पण गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून लेआउटपर्यंत नेतं कोण? वेळ? प्रशिक्षण आहे 20 तासांचं. याच अमरावती–अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 106 तासांच्या आत 75 किलोमीटर डांबर पडलं आणि त्याचा जागतिक विक्रम झाला. त्याच रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या आमच्या मित्राला 20 तास मात्र डोंगराएवढे वाटतात. बरं, परीक्षाही काही आयएएसची नाही. उत्तीर्ण व्हायला शंभरात 40 गुण पुरतात आणि पहिल्याच परीक्षेला बसलेल्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त पास झाले.

आता खरा मुद्दा, अनुभवाचा. तो शब्द ऐकला की समोरच्याने हात जोडावेत अशी अपेक्षा असते. मी जोडत नाही. मी विचारतो, हा अनुभव कोणत्या कायद्याचा?

शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडण्यावरची तुकडेबंदीच घ्या. कायदा 1947 चा. वर्षानुवर्षं शहराच्या कडेची शेतं गुंठ्या-दोन गुंठ्यांत कापून विकली गेली आणि खरेद्याही लागल्या. 12 जुलै 2021 च्या परिपत्रकाने मंजूर लेआउटशिवाय असे दस्त नोंदवणं थांबलं. ऑगस्ट 2023 मध्ये जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठे ही किमान मर्यादा आली. जुलै 2025 मध्ये शहरी भागातल्या लहान तुकड्यांना मोकळीक देण्याची घोषणा विधानसभेत झाली. चार वर्षांत तीन वळणं! तीस वर्षांचा अनुभव यातल्या कोणत्या वळणावर उभा आहे? ‘काही होत नाही, सगळे असंच करतात’ हे वाक्य 2010 मध्ये कदाचित खपलं असेल. 2022 मध्ये त्याच वाक्यावर इसार देऊन बसलेल्यांच्या हाती इसारचिठ्ठीच राहिली.

इसारावरून आठवलं. 1 जून 2015 पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. आमचे अनुभवी मित्र आजही ‘दोन लाख नगदी ठेवा, सौदा पक्का’ म्हणतात. विकणाऱ्याला खड्ड्यात घालून वर दोघांकडून दलाली घेणं, याला अनुभव म्हणायचं तर म्हणा.

बांधकामाची एकत्रित नियमावली डिसेंबर 2020 ची. रस्ता किती फुटी, त्यावर किती मजले, हे त्यानंतर नव्याने वाचावं लागतं. महिलेच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत 2021 पासून आहे आणि पुढे विकण्यावरची अट 2023 मध्ये गेली. घर विकताना भांडवली नफ्यावरच्या कराचं गणित जुलै 2024 मध्ये बदललं. जुलै 2021 मध्ये मोर्णा नदीचं पाणी अकोल्यातल्या वस्त्यांत शिरलं, तेव्हा तरी पूररेषेचा नकाशा पाहायची सवय लागायला हवी होती. नझूल कोणती, भोगवटादार वर्ग दोनची जमीन कोणती, भूदानाची कोणती, हे सातबारा आणि आखीव पत्रिका वाचल्याशिवाय कळत नाही. चेहरे ओळखून तर नाहीच.

‘वऱ्हाडात हे चालणार नाही’ हाही जुनाच वाद. कापसाच्या बाजारात परवाने आणि मोकळा लिलाव यांवर असंच बोललं गेलं. इतिहास मात्र उलटा आहे. कारंज्याचा नियमन झालेला कापूस बाजार 1886 चा. 1897 च्या वऱ्हाडच्या कायद्याने दलाल आणि मापारी परवान्याखाली आले आणि पुढे देशभरच्या बाजार कायद्यांनी तोच नमुना गिरवला. कापसाच्या दलालाला सव्वाशे वर्षांपूर्वी नियम लागले. घराच्या दलालाला आज लागले तर आभाळ कोसळतं?

मग मला काय हवं? एकदाच 20 तास, हे मलाही पुरेसं वाटत नाही. एजंटाची नोंदणी पाच वर्षांची असते. दर नूतनीकरणाला उजळणी हवी. ती मराठीत, अमरावती-अकोल्यात, खरे सातबारे आणि लेआउटचे नकाशे टेबलावर ठेवून व्हावी. शेतीचे आणि जुन्या घरांचे सौदे करणारे दलाल रेराच्या नोंदणीबाहेरच राहतात. त्यांनाही बोलावावं.

1 जानेवारी 2024 पासून प्रमाणपत्राशिवाय काम करता येत नाही आणि त्याच वर्षी राज्यात सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली. तेव्हा वाचकहो, प्लॉट पाहायला निघण्याआधी दलालाला तीन गोष्टी मागा: महारेराचा नोंदणी क्रमांक, सक्षमता प्रमाणपत्र आणि जमिनीचा ताजा सातबारा. उत्तर म्हणून ‘तीस वर्षांचा अनुभव’ मिळाला तर इसार देऊ नका.