सिद्धेश्वर धरण ते क्लायमेट परिषद: या करिअरचा रस्ता नेमका कुठून जातो?

'क्लायमेट पॉलिसीत करिअर करा' अशी रील तुमच्याही फीडमध्ये आली असेल. सूट, गळ्यात ओळखपत्र, मागे संयुक्त राष्ट्रांचा झेंडा. हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरमध्ये बसून ती बघताना 'हे आपलं काम नव्हे' असं वाटणं साहजिक आहे.

पण जरा धरणाकडे बघा. पूर्णा नदीवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. येलदरीतून सुटलेलं पाणी इथे येतं आणि कालव्यानं हिंगोली, परभणी, नांदेडच्या शेतांत जातं. पावसानं ओढ दिली की पाणीपाळीवरून वाद. सप्टेंबर 2024 सारखी अतिवृष्टी झाली की सोयाबीन पाण्यात. हवामान बिघडल्यामुळे होणाऱ्या अशा नुकसानीचे पैसे कुणी द्यायचे? आंतरराष्ट्रीय वाटाघाटी वर्षानुवर्षं याच प्रश्नापाशी अडतात.

2024 मध्ये बाकूच्या परिषदेत ठरलं की, श्रीमंत देशांच्या पुढाकारानं 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करायचे. विकसनशील देशांची मागणी होती 1,300 अब्जांची. भर सभेत भारताचा विरोध नोंदवला चांदनी रैना यांनी. त्या कोणत्या खात्याच्या? अर्थ मंत्रालयाच्या. पॅरिस कराराच्या वेळी, 2015 मध्ये, भारताची बाजू मांडणारे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकरही एकेकाळी बँक ऑफ महाराष्ट्रात नोकरीला होते. त्यामुळे बी.कॉम. किंवा एलएल.बी. करणाऱ्यांनी ही रील लगेच स्क्रोल करू नये.

शिक्षणाचं म्हणाल, तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि दिल्लीच्या टेरी विद्यापीठात या विषयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. यूपीएससीतून भारतीय वन सेवेचाही मार्ग आहे.

खरी अडचण पुढेच येते, आणि रीलवाले नेमकं तेच सांगत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप विनावेतन असते. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात सहा महिने स्वतःच्या खर्चानं राहणं मराठवाड्यातल्या किती घरांना परवडेल? हवामान न्यायाची भाषा करणाऱ्यांच्या दारातच ही चाळणी आहे, हे खटकतं.

मग सुरुवात कुठून करायची? माझ्या मते जिल्ह्यातूनच. 2018 मध्ये जागतिक बँकेच्या 42 कोटी डॉलर कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे 'पोकरा', सुरू झाला. पहिल्या टप्प्यातल्या 15 जिल्ह्यांत हिंगोली होता. शेततळी, ठिबक, गावाचा पाण्याचा ताळेबंद, समूह सहायकांच्या गावोगावच्या फेऱ्या. परिषदेत ज्याला 'अनुकूलन' म्हणतात ते हेच, आणि इथे कामाचा पगार मिळतो.

हा अनुभव पुढे कामी येतो. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती शिक्षण, प्रवास, राहणं असा सगळा खर्च देते. पण अर्जासाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. चेव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात. पासपोर्ट काढलेला नसेल तर तो आधी काढून ठेवा.