छेदातली संख्या

वर्गात मूल किंचाळते आणि प्रत्येक किंचाळीमागे बाई धावत येतात. आपण किंचाळ्या मोजतो, कितींनंतर लक्ष मिळाले ते लिहितो आणि सल्ला देतो: दुर्लक्ष करा. हा सल्ला चूक नाही, अपुरा आहे. तो अपुरा का, हे आपल्या वर्तनशास्त्राला १९७० पासून ठाऊक आहे.

रिचर्ड हर्नस्टाइन यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कबुतरांपुढे टोचायला दोन चकत्या होत्या. दोन्हींवर दाणे अनियमित अंतराने मिळत, एकूण तासाला सुमारे ४० वेळा. एका चकतीकडून मिळणाऱ्या दाण्यांचा जेवढा वाटा, जवळपास तेवढाच तिच्यावरच्या टोचण्यांचा वाटा निघाला. हाच मॅचिंग लॉ. १९७० मध्ये हर्नस्टाइन पुढे गेले. चकती एकच असली तरी कबुतरापुढे निवड असतेच, असे त्यांनी मांडले: टोचायचे, की पंख साफ करायचे, इकडेतिकडे फिरायचे, नुसते बसायचे. त्या इतर गोष्टींतूनही काहीतरी मिळतेच. म्हणून त्यांचे समीकरण असे:

वर्तनाचा दर = क × र ÷ (र + इ)

'क' म्हणजे वर्तनाचा कमाल दर, 'र' त्या वर्तनाला मिळणारे प्रबलन (ते वर्तन टिकवणारे फळ), आणि 'इ' बाकी सगळीकडून मिळणारे प्रबलन.

समजा 'क' तासाला ६० आहे आणि किंचाळण्याला तासाला २० वेळा लक्ष मिळते. बाकीचे प्रबलन १० असेल तर किंचाळण्याचा दर ४० येतो. किंचाळण्याला मिळणारे लक्ष तसेच ठेवून बाकीचे प्रबलन ४० केले, तर दर २० वर उतरतो. किंचाळीला मिळणारा प्रतिसाद तसूभरही न बदलता किंचाळणे निम्मे झाले. (हे आकडे केवळ गणित दाखवण्यापुरते.) तासाला वीसपैकी एकदाही न चुकता दुर्लक्ष करणे चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या बाईंना जमत नाही, हे आपण सगळे जाणतो. म्हणूनच छेदातला 'इ' मला इतका मोलाचा वाटतो. तो वाढवणे त्यांच्या हातात आहे.

जॅक मॅकडॉवेल यांनी हे उपचारकांना १९८२ मध्येच सांगितले होते. दहा वर्षांच्या एका मुलाचे स्वतःला ओरबाडणे आणि त्यावर घरच्यांचे रागावणे यांचा संबंध या समीकरणाच्या वक्राशी विलक्षण जुळल्याचे त्यांनी दाखवले. रागावणे हेच तिथे प्रबलन होते.

समीकरणाला मर्यादा आहेत. 'क' खरोखर स्थिर राहतो का, यावर वाद झाला आहे. विल्यम बॉम यांनी १९७४ मध्ये दाखवले की प्रत्यक्षातले वर्तन बहुधा प्रबलनाच्या प्रमाणापेक्षा थोडे कमी झुकते. पण आपल्या कामात याहून मोठा इशारा जॉन नेव्हिन यांचा आहे. १९९० च्या त्यांच्या प्रयोगांत, त्याच परिस्थितीत दुसरीकडून जादा दाणे मिळाल्यावर कबुतरांच्या टोचण्याचा दर घटला, पण ते टोचणे मोडून काढणे अधिक अवघड झाले. म्हणजे दर उतरला म्हणून वर्तन दुबळे झाले, असे नाही. आपण वर्गात 'इ' वाढवतो, आलेख खाली येतो, आपण समाधानाने फाइल बंद करतो आणि नव्या बाई आल्या की किंचाळणे परत उसळते. पर्यायी वर्तन शक्यतो आधी वेगळ्या खोलीत, वेगळ्या माणसाबरोबर पक्के करावे आणि मग वर्गात आणावे, हा मार्ग त्यामुळे मला अधिक सुरक्षित वाटतो.

तरीही सुरुवात नोंदीपासूनच व्हायला हवी. आपल्याकडच्या बहुतेक नोंदतक्त्यांत 'इ'साठी रकानाच नसतो. मूल किंचाळत नसताना त्याच्याशी कोण बोलले, हातात काय होते, खेळायला कधी मिळाले, हे कुठेच लिहिलेले नसते. विशेष शिक्षक आणि उपचारक वाचकांना आग्रहाची विनंती: या महिन्यात एका मुलाच्या तक्त्यात हा एक रकाना वाढवा, आठवडाभर प्रामाणिकपणे भरा, आणि मगच हस्तक्षेपाचा आराखडा लिहा.