नऊ मीटर कुणाच्या बापाचे?



ओढ्याच्या काठावर घर बांधू नये, हे आम्हाला मान्य आहे. आधी हे साफ सांगून टाकतो, म्हणजे उद्या कुणी पांढरपेशा निसर्गप्रेमी उठून 'या वस्तीतल्या पोरांना पर्यावरणाचं काय पडलंय' म्हणायला नको. पुराचं पाणी पहिल्यांदा आमच्याच दारात येतं. आमचीच भांडी, आमचीच रेशनकार्डं, आमचीच म्हातारी माणसं वाहून जातात. पाण्याला पसरायला जागा लागते हे आम्हाला परिसंवादात बसून कळलेलं नाही. आमचा सवाल एवढाच आहे, की मोजपट्टी बाहेर निघते तेव्हा ती झोपडीच्या पत्र्यालाच का लागते?

कायदा काय म्हणतो ते बघा. मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्रासाठी २०२० साली बांधकामाची एकत्रित नियमावली आली. नाल्याच्या काठापासून ९ मीटर आणि नदीच्या काठापासून १५ मीटरच्या आत बांधकामाला जागा नाही, असं ती सांगते. नदीला पूररेषा आखलेल्या असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बाग चालते, पार्किंग चालतं, मंडईचे ओटे चालतात, घर चालत नाही. वाचून वाटतं, वा! चांगलाच कडक कायदा आहे.

पण खालची ओळ वाचा. 'परंतु'पासून सुरू होणारी. निळ्या रेषेच्या आत जी 'अधिकृत' मिळकत आधीपासून आहे, तिचा पुनर्विकास करता येतो. जोतं लाल रेषेच्या वर उचललं आणि पाटबंधारे खात्याचा कागद आणला की झालं. आणि सखल जमिनीतून, धड काठ नसलेला नाला वाहत असेल तर? तर मालकाला परवानगी काढून तो नाला आपल्याच जमिनीत वळवून घेता येतो, फक्त पाणी आत शिरायची आणि बाहेर पडायची जागा तीच ठेवायची. म्हणजे सात-बाऱ्यावर नाव असलेल्यासाठी ओढा सरकतो, आणि नाव नसलेल्यासाठी माणूस सरकतो. सगळं राजकारण त्या 'अधिकृत' नावाच्या एका शब्दात बसलंय. तो शब्द कुणाच्या कपाळावर लिहायचा हे ठरवणारे आमच्यातले कधीच नव्हते.

पुण्याचा आंबील ओढा घ्या. कात्रजहून निघतो, बिबवेवाडी, अरण्येश्वर, सहकारनगर, पर्वतीचा पायथा, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. हा ओढा वळवणं काही नवीन नाही. नानासाहेब पेशव्याच्या काळातही तो वळवला, पर्वतीखाली अडवून तळं केलं. तेव्हा पेशव्याला कुणी नऊ मीटर विचारले नाहीत. त्यानंतरच्या पुण्यानं वरच्या अंगाला काठ आवळत नेला. सोसायट्यांच्या सीमाभिंती, रस्ते, स्लॅब टाकून झाकलेले तुकडे, अरुंद मोऱ्यांचे पूल. पाणी वरून येतं आणि दाबलेलं सगळं खाली सोडतं. खाली कोण राहतं ते सांगायला नको.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हा ओढा उसळला. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं मेली. पुणे शहर-जिल्ह्यात त्या पावसानं वीसच्या वर जीव घेतले. आता गंमत बघा. १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी पेठांत शिरलं. त्या लोकांना नाव मिळालं 'पूरग्रस्त', आणि गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहती. मिळायलाच हव्या होत्या, त्यात वाद नाही. पण २०१९ ला पाणी वस्तीत शिरलं तर त्या लोकांना नाव मिळालं 'अतिक्रमण'. २४ जून २०२१ ला दांडेकर पुलाजवळ बुलडोझर आले. भर पावसाळा, वर करोनाची साथ. महापालिका म्हणाली, ओढा सरळ करायचाय, पुराचा धोका घालवायचाय. वस्ती म्हणाली, हे सगळं बिल्डरच्या स्कीमसाठी चाललंय. बायापोरं रस्त्यावर आडवी पडली आणि त्याच दिवशी कारवाईला स्थगिती आली. ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८५ साली पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, झोपड्यांना हात लावू नका म्हटलं होतं. त्याला छत्तीस वर्षं झाली होती. जून महिन्यात भिंती पाडणाऱ्यांना हे माहीत नव्हतं काय?

आणि सरळ केलेला ओढा पूर थांबवतो, हे कुणी सांगितलं? वळणं काढली की पाणी जोरात धावतं, पुढच्या पुलाला जाऊन आदळतं. मिठी नदी विमानतळापाशी काटकोनात फिरवली, धावपट्टीखालून काढली, मुखाजवळच्या खाजणात भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. त्यानंतर काठावरून हटवल्या त्या झोपड्या. धावपट्टी जिथल्या तिथं आहे.

कुणी म्हणेल, मग नियम आणखी कडक करा. बंगळुरात करून पाहिलं. हरित लवादानं २०१६ साली तलावाभोवती ७५ मीटर आणि राजकालुव्यांना, म्हणजे तिथल्या मोठ्या नाल्यांना, ५०, ३५, २५ मीटर मोकळे सोडायला सांगितले. बिल्डर सुप्रीम कोर्टात गेले. ५ मार्च २०१९ ला ते अंतर रद्द झालं, कारण लवादाला शहराचा आराखडा बदलायचा अधिकार नाही. कायद्याचा मुद्दा बरोबर असेलही. पण वकील लावून मीटर कमी करून घेणारा माणूस आणि पहाटे पोलीस व्हॅन बघून पोरं उचलणारा माणूस, या दोघांवर एकच नियम चालतो असं आम्हाला सांगू नका.

१९२७ ला महाडात बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावं लागलं, कारण आम्ही पाण्याजवळ यायचं नव्हतं. पुढं दुष्काळानं गाव सोडलं, शहरात आलो, तेव्हा शहरानं दाखवलेली जागा पाण्याजवळचीच होती, कारण ते पाणी गटाराचं झालं होतं. त्या पाण्यात उतरून गाळ उपसणारे हातही आमचेच. आता नदीसुधार, नाल्याचं सुशोभीकरण, काठानं जॉगिंग ट्रॅक. पाणी पुन्हा पवित्र व्हायला लागलंय, तर आम्ही पुन्हा लांब.

म्हणून वस्तीवस्तीतल्या पोरांनी या पावसाळ्याआधी करायचं काम सांगतो. घोषणा नंतर देऊ. १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकून १९८७ चा आणि २०१७ चा विकास आराखडा मागा, सिटी सर्व्हेचा नकाशा मागा, ओढा कुठं कुठं सरकला ते एकावर एक ठेवून बघा. मग टेप घेऊन कात्रजपासून संगमापर्यंत चाला. काठापासून नऊ मीटरच्या आत काय काय आहे ते लिहा: झोपडी, सोसायटीची भिंत, मंगल कार्यालय, देऊळ, नगरसेवकाचं ऑफिस, सगळं. ज्याला परवानगी आहे त्याच्या परवानगीची नक्कल मागा. ही यादी महापालिकेच्या दारावर लावू आणि सांगू, पाडायचं तर वरून सुरुवात करा. वस्तीतल्या माणसाला त्याच भागात, पुराच्या रेषेबाहेर पक्कं घर आधी द्या, किल्ली हातात द्या. मग काठ आम्हीच मोकळा करून देतो.